रेडिओचा हिरवा डोळा

"बिशायकाका, बाबांनी हा परत पाठवलाय. म्हणतात, आंधळा आहे."

इन्शिराहनं रेडिओ बिशायच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या टेबलावर ठेवला आणि ओढणीच्या टोकानं कपाळ पुसलं.

बिशायला ते झोंबलं. तीन महिने खपला होता तो तिच्या बाबांच्या या जुन्या रेडिओवर. तांता गावाहून कैरोच्या शुक्रवारच्या बाजारात चार खेपा घातल्या, व्हॉल्व्ह जमवले, फुगलेले कंडेन्सर एकेक करून बदलले. आवाज असा लागला होता की समोरचा भाजीवाला हातातला तराजू विसरून ऐकत उभा राहिला होता.

"आंधळा कसा? हा काय, हिरवा दिवा लावलाय की!"

"दिवाच आहे तो, काका. डोळा नाही. मागे हिरवा बल्ब बसवलात तुम्ही. बाबा बहिरे आहेत, खुळे नाहीत."

चोरी पकडली गेली होती. स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा काचेचा डोळा पार विझला होता, आणि तसा दुसरा बाजारात मिळाला नव्हता. शोभेची तर वस्तू, म्हणून त्यानं बल्बवर भागवलं. या धंद्यात सगळेच भागवतात. गिऱ्हाईक रेडिओ ऐकायला घेतं, बघायला थोडंच?

"पण शेखसाहेबांना ऐकूच येत नाही. मग डोळ्याचं एवढं काय?"

"ते बघून ऐकतात, काका."

शेख दसूकी. चाळीस वर्षं गावोगाव नबीची स्तवनं गायलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी कान गेले, तरी गुरुवारची बैठक मोडली नव्हती. चार जुने मित्र यायचे, रेडिओवर कुराणाचं पठण लागायचं. पठण करणारा ओळ पुरी करून थांबला की ऐकणाऱ्यांनी 'अल्लाह!' म्हणून दाद द्यायची. डोळ्याची हिरवी कड आवाजाबरोबर जराशी थरथरायची. ती थांबली की शेखही दाद द्यायचे. मित्रांना वाटायचं, म्हाताऱ्याला अजून थोडं ऐकू येतं.

"डोळा विझला आणि त्यांच्या तोंडून ऐन ओळीच्या मध्येच 'अल्लाह' गेलं," इन्शिराह म्हणाली. "कुणीतरी हसलं. तेव्हापासून दार बंद. म्हणतात, मी पठण करणाऱ्याला मध्येच तोडलं, त्याच्या तोंडावर हात ठेवला. मित्र जिन्यावरूनच परत जातात."

"रेडिओच्या पेटीवर हात ठेवून थरथर लागते का बघितलं?"

"साखरेच्या आजारानं बोटं बधिर झालीत. कढत पेला कळत नाही, आवाज काय कळणार?"

बिशायनं मान वर केली. फळीवर त्याच्या वडिलांचं टेपचं मशीन होतं. वडील चर्चमध्ये स्तोत्रं म्हणत. आता त्यांचा आवाज तेवढा त्या फितीत उरला होता. दर रविवारी बिशाय तो लावायचा. मशीनच्या कपाळावर दोन हिरव्या पट्ट्या होत्या. आवाज चढला की त्या एकमेकींना भिडायच्या, श्वास घेतला की दूर व्हायच्या.

तो उठला, मशीन खाली घेतलं आणि मागचे स्क्रू सोडायला लागला.

"अहो, ते बिघडेल ना!"

"डोळ्यावाचूनही गाईल ते," बिशाय म्हणाला. "आणि मला कान आहेत."

दोन दिवस लागले. नव्या डोळ्याचे पाय निराळे, त्याची बैठकही निराळी. पत्रा कापून त्यानं ती बसवली, आणि तार स्टेशनाच्या जागी न जोडता थेट आवाजाला जोडली, मशीनमध्ये होती तशी.

गुरुवारी दुपारी शेख स्वतः आले, मुलीच्या दंडाला धरून. बहिऱ्यांच्या त्या मोठ्या आवाजात दारातूनच म्हणाले, "काय उस्ताद, आता लाल बल्ब लावलास की काय?"

भाजीवाला हसला. बिशायनं खुर्ची पुढे सरकवली आणि बटण फिरवलं.

व्हॉल्व्ह तापले. काचेत दोन हिरव्या पट्ट्या उजळल्या. पठण सुरू झालं, तशा त्या हलल्या. शेख पुढे वाकले. नाक काचेला लागेल इतके. पट्ट्या चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. शेखांची मान त्यांच्याबरोबर डोलू लागली.

पट्ट्या एकदम दूर झाल्या. शेखांनी तोंड उघडलं. इन्शिराहनं बिशायचं मनगट घट्ट धरलं.

पण तो नुसता श्वास होता. शेखांनी ओठ मिटले. पट्ट्या पुन्हा धावत एकमेकींकडे आल्या, आवाज चढत चढत अशा जागी गेला की भाजीवाल्यानं डोळे मिटले. मग ओळ पुरी झाली. पट्ट्या दूर झाल्या आणि दूरच राहिल्या.

"अल्लाह!" शेख म्हणाले.

त्याच क्षणी रेडिओतल्या त्या दूरच्या मशिदीतून शेकडो गळे म्हणाले, "अल्लाह!" भाजीवालाही म्हणाला. बिशायच्या तोंडूनही ते निघून गेलं.

इन्शिराहनं त्याचं मनगट सोडलं. बापाच्या खांद्याला हात लावला, घराच्या दिशेनं बोट केलं आणि चहाचा पेला धरावा तशी बोटं धरून 'किती?' म्हणून मान उडवली.

शेखांची नजर हिरव्या पट्ट्यांवरून हलली नाही.

"सहा कर," ते म्हणाले. "उस्तादही येतोय. आणि आधी जाऊन दार उघडून ठेव."