तीन माणसांचा राऊटर

"जुन्याला काय झालं होतं? भिंतीला आणखी एक भोक!" शरयूबाई पुटपुटल्या.

राऊटर बसवायला आलेली झीनत हसली. "काकू, पासवर्ड कुणीही चोरतं. हा पावलं ओळखतो. घरातल्यांनी एकदा हॉलमधून चालायचं. मग परक्या पावलांना नेटही नाही आणि दारही उघडणार नाही."

शरयूबाई पोट आत घेऊन चालल्या. पाठोपाठ त्यांचे यजमान, मुकुंदराव.

"अर्जात तीन माणसं आहेत."

"केतकी, आमची मुलगी. बाहेरगावी असते." चार वर्षांत हे वाक्य शरयूबाईंना पाठ झालं होतं. "जुन्या व्हिडिओवरून घे ना. अचानक आली, तर दाराबाहेर राहील गं पोर."

"माणूसच लागतं, काकू. आल्या की नोंदवू."

मुकुंदराव खुर्चीत बसले. "ती नाही यायची. मीच तिला घराबाहेर काढलंय."