बजरंगशेठचा चहा

"म्हंजे तू नेमकं काय बांधतीस? पूल का रस्ता?" धोंडप्पांनी विचारलं.

"तसलं न्हाय, काका," प्रतीक्षा म्हणाली. "भाव पडायच्या आधीच थोड्या सोयाबीनचा दर ठरवून ठेवायचा. मग बाजार आपटला तरी आपण आपटत न्हाय. हे फायनान्शियल इंजिनिअरिंग."

शेजारी पोत्यावर बसलेले तिचे वडील, गुंडाप्पा, छताकडं बघत राहिले. पोरगी पुण्यात दोन वर्षं हेच शिकली होती. तिथल्या कंपन्या अनुभव मागत होत्या आणि अनुभव द्यायला कुणीच तयार नव्हतं. रविवारी तुळजापूरचे पाहुणे तिला बघायला यायचे होते. त्याआधी नोकरी लागली तर त्यांना थांबवीन, असा शब्द गुंडाप्पांनी दिला होता. म्हणून ती येरमाळ्याच्या हमरस्त्यावरच्या, धान्याचे व्यापारी धोंडप्पांच्या या गोदामात काम मागायला उभी होती. बस म्हणून कुणी म्हटलंच नव्हतं.

धोंडप्पांचं स्वतःचं शास्त्र होतं. उजवा डोळा लवला की सोयाबीन विकायचं, डावा लवला की दाबून ठेवायचं. गेल्या हंगामात उजव्या डोळ्यात कुसळ गेलं आणि अर्धं गोदाम मातीमोल गेलं. तरी शास्त्राला त्यांनी बोल लावला नाही. कुसळाला शिव्या दिल्या.

त्यांनी रस्त्यापलीकडं पाहिलं. समोर त्यांच्या धंद्यातल्या वैऱ्याची, बजरंगशेठची पेढी. नवीन काही दिसलं की त्याला लगेच हवं असायचं.

"हे त्याला सांगितलंस का?"

"अजून न्हाय."

"मग ऐक. मला तुझ्या विद्येचा उपेग न्हाय, पर त्याला व्हईल. म्हैन्याला पगार देतो. तू घरी बसायचं. त्याच्याकडं कामाला जायचं न्हाय."

गुंडाप्पांची कळी खुलली. "घरबसल्या पगार! आन् घरीच हाय म्हंजे पाव्हण्यांनाबी येऊ द्या की."

प्रतीक्षाला रडूच कोसळायचं बाकी होतं. एवढं शिकायचं ते लोणच्यासारखं बरणीत बसायला? मग तिला वर्गातला पहिलाच धडा आठवला. हक्क वापरला नाही तरी त्याला किंमत असते, आणि समोरच्याची भीती वाढली की किंमतही वाढते. सर जांभया देत शिकवायचे.

"पटलं, काका," ती म्हणाली. "बजरंगशेठकडं कामाला न्हाय जाणार. नुसती चहाला जाईन. रोज."

धोंडप्पांचे दोन्ही डोळे एकदम लवायला लागले. विकावं का दाबून ठेवावं, त्यांना कळेना.

"पगार दुप्पट!" ते ओरडले. "आन् हितं, माझ्या नजरंसमोर बसायचं! आरं, खुर्ची आणा कुणीतरी!"

खुर्ची आली. प्रतीक्षा बसली. गुंडाप्पांनी निमूटपणे तुळजापूरला फोन लावला.

"रविवारी येऊ नगा, पाव्हणं. पोरगी नोकरीला लागली... काम व्हय? समोरच्याकडं चहा प्यायचा न्हाय, एवढंच."