बेचाळीस वजा सतरा

"मिस, पंचवीस येतात," टॅबिथा म्हणाली.

मॅक्सीननं फळ्याकडे वळून पाहिलं. बेचाळीस वजा सतरा. खाली तिनंच ठसठशीत अक्षरात पस्तीस लिहिलं होतं. दशक सुटा केला आणि तो कमी करायचा राहून गेला. समोर दुसरीची अठ्ठावीस मुलं होती. मागच्या भिंतीशी विद्यापीठाच्या निरीक्षक डॉक्टर फेंटन मांडीवर कागद घेऊन बसल्या होत्या. मॅक्सीनला काही सुचेना. खडू हातात तसाच राहिला. मुलं चुळबुळू लागली, कुणीतरी खुदकन हसलं.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलापाशी ग्लेनिस उठली. ग्लेनिस रॅग ही वर्गातली मदतनीस. एकोणीस वर्षं तिनं याच शाळेत पेन्सिलींना टोकं काढली होती, मुलांची नाकं पुसली होती, अडलेल्यांना वाचायला लावलं होतं. तिनं काड्यांच्या जुड्या उचलल्या आणि सहज आवाजात म्हणाली, आता कुणाचं खरं ते काड्यांनाच विचारू या. मुलांनी जुड्या सोडल्या, सतरा काड्या बाजूला काढल्या, उरलेल्या मोजल्या, पंचवीस निघाल्या. तास पार पडला.

डॉक्टर फेंटननी मधल्या सुट्टीत कागद पुढं केला. त्या वाईट बोलल्या नाहीत, तेच मॅक्सीनला जड गेलं. दुसरं निरीक्षणही समाधानकारक नाही, त्या म्हणाल्या. आजचा तास मदतनीस बाईंनी सावरला. मंगळवारी सकाळी दहाला त्या पुन्हा येतील; तेव्हाही असंच झालं तर हे वर्ष पुढं नेण्यात अर्थ उरणार नाही.

मॅक्सीन अडतिसाव्या वर्षी शिक्षक होण्याच्या या अभ्यासक्रमाला आली होती. त्याआधी चौदा वर्षं ती याच गावात, ग्रिम्स्बीत, एका दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलाशी बसायची. ऑक्टोबरपासून ती पहाटे पाचला उठत होती. शनिवार-रविवार निबंध, रोज तासांची टाचणं, घरच्या दोन मुलींना उकडलेला पास्ता. झोप अशी होतच नव्हती. आता फेब्रुवारी होता आणि तिला कशाचा रागसुद्धा येत नव्हता. दुपारी तिनं वर्गशिक्षक पॅशली यांना निरोप दिला, चार वाजता दहा मिनिटं हवी आहेत. काय सांगायचं ते तिच्या मनात पक्कं होतं.

साडेतीनला मुलं गेली. ग्लेनिस टेबलांवरचा डिंक खरवडत होती. मॅक्सीननं भिंतीवरची आपली चित्रं काढून पिशवीत भरायला घेतली. ग्लेनिसनं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं.

"सोडतेयस?"

"हो. चारला सांगते त्यांना."

मॅक्सीनला वाटलं, आता समजूत घालतील. ग्लेनिसनं तसलं काही केलं नाही. तिनं फडकं पिळलं, वाळत टाकलं आणि लहान मुलांच्या खुर्चीवर टेकली.

"मग बरं झालं पोरी. मला ते पत्र लिहायला नको."

"कसलं पत्र?"

ग्लेनिस जरा लाजली. चोपन्न वर्षांची ही बाई लाजलेली मॅक्सीननं पहिल्यांदाच पाहिली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सहा वर्षं ती घरी बसून पदवीचा अभ्यास करत होती, शाळेत कुणाला पत्ता नव्हता. गेल्या उन्हाळ्यात पदवी मिळाली. आता मॅक्सीनच्याच अभ्यासक्रमाला तिनं अर्ज केला होता. मुलाखत मंगळवारी, सकाळी दहाला. पण मंगळवारी दहाला फेंटनबाई येणार, आणि मॅक्सीन वर्गात एकटी पडणार. म्हणून तारीख बदलून मागायची असं तिनं मधल्या सुट्टीतच ठरवलं होतं.

"बदलून देतात?" मॅक्सीननं विचारलं.

"या वर्षीची ही शेवटचीच तारीख आहे. नाही दिली तर पुढच्या वर्षी बघू."

मॅक्सीन पिशवी खाली ठेवून तिच्यासमोर बसली. इतकी वर्षं का थांबलात, तिनं विचारलं. तुम्हाला तर सगळं येतं. आज मी फळ्यापाशी मेले होते, तुम्ही उभं केलंत.

ग्लेनिस डिंकानं चिकटलेली बोटं एकमेकांवर घासत राहिली.

"एकोणीस वर्षांत बावीस जण आले इथं तुझ्यासारखे, शिकवायला शिकायला," ती म्हणाली. "सगळे हुशार. पहिल्या दिवसापासून असे उभे राहायचे, जणू आईच्या पोटातून शिक्षक होऊनच आलेत. त्यांना बघून मला वाटायचं, हे आपलं काम नव्हे. मग तू आलीस. हजेरी चुकलीस. सहलीला निघताना एक पोरगी कपाटामागं विसरलीस. रडलीससुद्धा, मी पाहिलंय. आणि दुसऱ्या दिवशी पावणेआठला पुन्हा दारात हजर. तुला बघून मला पहिल्यांदा कळलं, की हे काम शिकावं लागतं. म्हणून अर्ज केला."

पाच महिन्यांत आपण कुणाला काहीच शिकवलं नाही, हे मॅक्सीननं स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की त्याचं आता दुखणंही राहिलं नव्हतं. तिचे पाय ठणकत होते. डोळे चुरचुरत होते. मंगळवारला चार दिवस होते.

दारात पॅशली उभे राहिले. हातात चहाचा कप, गळ्यात मैदानावरची शिट्टी. ते म्हणाले, चार वाजले, काय बोलायचं होतं?

ग्लेनिस उठायला लागली. मॅक्सीननं तिच्या दंडावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"मंगळवारी ग्लेनिसना सुट्टी लागेल," ती म्हणाली. "तास मी एकटीच घेईन."