हिरोची दाढी

जेवणाच्या सुट्टीत हिरोची दाढी गेली.

हिरो म्हणजे शाळेसाठी मोबाईलवर सिनेमा काढणाऱ्या मुलीचा सख्खा काका. ऑफिसात टोमणे खात त्याने दाढी वाढवली होती, कारण पुतणीच्या सिनेमात तो घर सोडून गेलेला आणि बऱ्याच वर्षांनी परतलेला माणूस होता. सकाळच्या शूटिंगमध्ये तो दाढीसकट घराच्या दारापर्यंत आला होता. दुपारी दार वाजवायचं होतं. मधल्या वेळात तो खाली तिच्या बाबांच्या सलूनमध्ये पंख्याखाली जाऊन बसला आणि खुर्चीतच त्याचा डोळा लागला.

बाबांचे हात शिवशिवले. खुर्चीत दाढी वाढलेला माणूस दिसला की काय करायचं, हे त्यांना कुणाला विचारावं लागत नसे.

ती मोबाईल चार्ज करून खाली आली, तेव्हा काकाचे गाल आरशात चकाकत होते. सिनेमा उद्या शाळेत द्यायचा होता. सगळं मुसळ केरात. बाबा ओशाळले, पण कबूल कसं करणार? हे खूळ आता पुरे, अभ्यासाला बस, म्हणून त्यांनी उलट तिलाच झापलं. वर, या सिनेमापायी दुकान पाच मिनिटंही बंद राहणार नाही, अशी तंबी दिली.

खरं तर तिला रडू यायला हवं होतं. पण ती आरशातच बघत राहिली. खुर्चीत काका, मागे बाबा, आणि दोघांचं नाक अगदी एक.

"काका, दार वाजवायचा तुला धीर होत नाही. म्हणून तू आधी दाढी करायला येतोस," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही याचे थोरले भाऊ. फेस पुसताना तुम्हाला कळतं, हा कोण ते."

"मला ॲक्टिंग येत नाही."

"करू नका. नुसती दाढी करा."

नको नको म्हणत बाबांनी परत फेस लावला आणि पातं काढलेला वस्तरा उचलला. एक गाल झाला, दुसरा झाला. हनुवटीशी हात थांबला. त्यांनी टॉवेलने भावाचं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. बाकावरच्या गिऱ्हाइकाने पेपर खाली ठेवला. तिला इतका आनंद झाला की कट म्हणायचंच राहून गेलं. आता आयुष्यभर हेच करायचं, एवढं मात्र तिचं ठरलं.

शेवटी बाबांनीच नाक ओढलं. आरशात निरखून पाहिलं, दाराशी गेले आणि 'बंद'ची पाटी बाहेर फिरवली. गिऱ्हाईक आतच राहिलं.

"पुन्हा घे," ते म्हणाले. "रडणं जमलंय. पण याचा डावा कल्ला जरा खाली राहिलाय. असलं काम माझ्या नावावर नको."