फितूर

चहाचा ग्लास कट्ट्यावर आपटून संभा म्हणाला, "पोरगं विकलं गेलंय. पलीकडच्या पेठेनं बुलेट दिलीया म्हणं. म्हणून तर यंदा पळत न्हाई."

"गेल्या साली एकटा चौघांस्नी भिडायचा," दुसरा म्हणाला. "आता चेंडू म्होरनं जातोय आन् ह्यो बघत हुबा."

आनंदराव मफलर सारखा करत ऐकत होते. शिव्या पडत होत्या त्या त्यांच्याच मुलाला, तालमीच्या फुटबॉल संघाच्या हुकमी फॉरवर्डला. हंगामभर तो दुखरा गुडघा लपवून खेळला होता. आता पुन्हा मैदान नाही, असं डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं.

संभा त्यांच्याकडं वळला. "आण्णा, तुम्हीच सांगा. खरं हाय काय?"

गुडघ्याचं सांगितलं असतं तर सगळी हळहळली असती, आणि दुसऱ्या चहाला नव्या फॉरवर्डचं नाव काढून बसली असती. पोरानं शिव्या सोसल्या असत्या. असं विसरलं जाणं त्याला सोसलं नसतं.

"खरं हाय," आनंदराव म्हणाले. "ठरलंय त्याचं. फुडल्या साली तिकडनंच खेळणार."

संभा उठला. तालमीच्या भिंतीवरचा त्या पोराचा फोटो त्यानं उतरवला आणि गटारात टाकला. त्या फोटोचा खिळा आनंदरावांनीच ठोकला होता.

घरी मुलगा उशीवर पाय ठेवून बसला होता. "काय म्हणत हुती?"

आनंदराव वाटीतलं तेल कोमट करत होते. तेवढ्यात पत्र्यावर पहिला दगड आदळला.

"ऐक," सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवून ते म्हणाले, "आजून भित्यात तुला."