सहा व्होल्ट

स्टार्टर एकदा कण्हला आणि गप्प झाला. लख्ख पेटलेले दिवे तेवढ्यापुरते मिणमिणले. मुलाने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

"बॅटरी गेली बहुतेक," मुलगा म्हणाला.

गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसवलेल्या मिस्त्रींनी जोरात मान हलवली. बॅटरी गेली असती तर दिवे आधीच मंद लागले नसते का? डोक्यात सगळं स्वच्छ होतं. तोंडातून मात्र एवढंच आलं, "चहा."

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून मिस्त्रींजवळ हा एकच शब्द उरला होता. पाठ दुखली तरी चहा, डास चावला तरी चहा. शब्द आत शाबूत आहेत, बाहेर यायची वाट बंद झालीय, असं डॉक्टर म्हणाले होते. ज्यांच्या आवाजाने गल्लीतली कुत्री पळायची, त्यांच्या घरात आता कुणी कुणावर ओरडत नव्हतं. सुनेने बिचारीने लगेच कप आणून हातात दिला. मिस्त्रींनी तो निमूटपणे ओठाला लावला. करतात काय!

गाडी त्यांनी स्वतःच्या हाताने एकेक भाग जोडून उभी केली होती. सहा व्होल्टची, जुन्या जमान्यातली. तिला हात लावायला दुसरे मिस्त्री घाबरत. "आज चालू झाली नाही तर भंगारवाला घेऊन जाईल," असं मुलगा सकाळी सहज बोलून गेला होता, आणि तेव्हापासून म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागला होता.

मुलाने चोकची मूठ ओढली आणि हात झटकला. "आई गं! चटकाच बसला."

मिस्त्री खुर्चीत पुढे सरकले. सापडलं! सहा व्होल्टच्या गाडीत जोर कमी, म्हणून वीज भरपूर लागते. इंजिनपासून चासीला जाणारी अर्थिंगची जाड पट्टी सैल झाली, की ती वीज परतीसाठी दुसरी वाट धरते आणि चोकची तार तापवते. पट्टी काढायची, खालचा रंग नि गंज घासायचा, आवळून बसवायची. हे त्यांनी या पोराला मिसरूड फुटायच्या आधी कान पिळून शिकवलं होतं.

"चहा!" ते ओरडले. "चहा, चहा!"

"आत्ताच तर घेतलात ना, बाबा," सून समजुतीने म्हणाली.

मुलाने प्लग काढून पुसले. मग कार्ब्युरेटर उघडला. रोग रेड्याला नि औषध पखालीला! मिस्त्रींनी धड असलेल्या हातात काठी धरली आणि गाडीच्या पोटाकडे रोखली. मुलाने वाकून पाहिलं.

"मांजर शिरलंय का खाली?" त्याने विचारलं.

मिस्त्रींनी काठी खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले. आयुष्यभर लोकांच्या गाड्या चालत्या केल्या आणि आपलंच पोर हे असं निपजलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गाडी गेली तर जाऊ दे एक वेळ, पण डोक्यातलं सगळंच आपल्याबरोबर चितेवर जाणार, आणि आपण नुसते कप रिकामे करत बसणार. आपल्या हातात आता काहीच नाही, हे त्यांना कधी नव्हे इतकं लख्ख कळलं.

मुलगा बाहेर गेला आणि शेजारच्या ट्रकची बॅटरी उचलून घेऊन आला. बारा व्होल्टची. त्याने ती गाडीजवळ ठेवली आणि तारा जोडायचे चिमटे हातात घेतले.

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा व्होल्ट! बल्ब उडतील, कॉइल जळेल, गाडीची राखरांगोळी होईल. मुलाने एक चिमटा लावला. दुसरा घेऊन तो बोनेटखाली वाकला. मिस्त्री खुर्चीच्या हाताला धरून अर्धे उठले. छातीत काहीतरी दाटलं, घशात अडकलं, आणि फुटलं.

"गाढवा! अर्थिंग... अर्थिंग बघ!"

सून दारातच थबकली. मुलाच्या हातातला चिमटा खाली पडला. मिस्त्रींना मात्र आपण काय केलं याचा पत्ताच नव्हता. ते रागाने नुसते लटलटत होते.

"पट्टी... पट्टी सैल! शिकवलं... होतं ना तुला?"

मुलगा तसाच येऊन त्यांच्या पायाशी फरशीवर बसला. काळ्या हातांनी त्याने त्यांचे गुडघे घट्ट धरले. हसू येत होतं की रडू, त्याचं त्यालाच कळेना.

"माहीत आहे, बाबा," तो म्हणाला. "सकाळी मीच सैल केली ती."