अंगणातली माती

जेसीबीनं अंगण गुडघाभर उकरलं, तेव्हा वैजयंतानं लेकीला उंबऱ्याच्या आतच धरून ठेवलं. शेजारच्या बॅटरीच्या कारखान्याचं शिसं मातीत मुरलं होतं आणि पोरीच्या रक्तापर्यंत पोचलं होतं.

“ही माती नेता कुठे?” तिनं डंपरजवळच्या साहेबांना विचारलं.

“जिथं कुणी राहत नाही तिथं, ताई. घराच्या अंगणाला शिशाची मर्यादा कडक असते, मोकळ्या जागेला सैल. तिथं ही माती नियमात बसते.”

वैजयंताला हायसं वाटलं. नवी माती पडल्यावर तिनं सडा घातला, रांगोळी काढली आणि किती तरी महिन्यांनी पोरीला अंगणात अनवाणी सोडलं.

पुढच्या आठवड्यात पोर शाळेतून उड्या मारतच आली. हात, गुडघे, गाल, सगळं मातीनं माखलेलं. मुठीत भातुकलीतली पितळी कढई होती. पावसाळ्याआधी अंगणात हरवलेली, तुटका कान वैजयंतानंच तांब्याच्या तारेनं बांधलेला.

“आई, माझी कढई सापडली,” ती म्हणाली. “शाळेच्या मैदानात नवी माती टाकलीय ना, तिच्यात होती. आम्ही आज तिथंच मांडी घालून डबा खाल्ला.”